भरतीला उचललेली फळी

अजीजा आपांनी मला आयुष्यात एकदाच मारलं. त्यांच्याकडे एडिटिंगला लागून दोन महिने झाले होते. हार्ड डिस्क भरली म्हणून मी एका मुलाखतीचे तीन फसलेले टेक डिलीट केले आणि आपणहून तसं सांगितलंही, वर शाबासकी मिळेल या आशेने. त्यांनी कानाखाली असा जाळ काढला की टेबलावरचा चहा माझ्या मांडीवर सांडला आणि तो गरम आहे हे मला घटकाभराने कळलं.

“शूट केलेलं काही पुसायचं नाही,” त्या म्हणाल्या. “कापायचं ते काप, लपवायचं ते लपव. पण मूळ जागच्या जागी पाहिजे. समजलं?”

समजलं. संध्याकाळी त्यांनीच बर्फ आणून गालाला लावला आणि समोर बसवून जेवायला वाढलं. त्या अशाच होत्या. आधी मारायचं, मग वाढायचं, आणि समोरच्याने दोन्ही गोष्टींबद्दल आभार मानायचे.

रोह्यात कुंडलिकेच्या काठाला त्यांचं दुमजली घर आहे. वडील अय्यूबशेठ कुवेतला गेले ते खलाशी म्हणून आणि परतले ते जहाजांना माल पुरवणारे बडे व्यापारी होऊन. अजीजा त्यांची एकुलती एक. लग्न दोन वर्षं टिकलं, पैसा मात्र टिकला. त्या पैशावर आपांनी पेणच्या एका मूर्तिकाराला कारखाना उभा करून दिला, एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याचे डोळे तपासून आणले, नाटकवाल्या पोरांना तळमजला तालमीला दिला आणि वर दर रविवारी बिर्याणी. माझे वडील पेणला रामवाडीत पंक्चर काढतात. मला पुण्याला एडिटिंग शिकायला धाडलं ते आपांनीच. आणि या सगळ्यातून वेळ काढून त्या माहितीपट काढायच्या, ते परदेशात नावाजले जायचे आणि रोह्यात कोणी बघायचं नाही.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. ज्याने हात धरून वर ओढलं त्याचा हात सुटत नाही म्हटल्यावर जसा येतो तसा. त्यांची माणसांकडून काम करून घेण्याची एक पद्धत होती. आधी नात्याने हाक मारायची, दादा, काकी, वहिनी. मग हात जोडायचे. एवढी मोठी बाई चिखलात उभी राहून हात जोडते म्हटल्यावर नाही म्हणायची कोणाची छाती होते?

गुणाजीची झाली होती. थोडा वेळ.

वडखळच्या अलीकडे खाडीच्या अंगाला वळलं की खारवेळे गाव लागतं. तिथली भाताची शेतं खाडीच्या पाण्याहून खाली आहेत. मधे मातीचा लांबच लांब बांध आणि बांधात एक उघाडी, म्हणजे दगडी मोरी, तिला लाकडाच्या जाड फळ्या. ओहोटीला फळ्या उचलायच्या आणि शेतातलं जादा पाणी खाडीत सोडायचं. भरती लागायच्या आत फळ्या खाली. एकदा खारं पाणी शेतात शिरून मुरलं की तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून फळीला गावात एकाच माणसाचा हात लागतो, आणि दुसरा कोणी हात लावील तर, मग तो सरपंच का असेना, त्याची धडगत नाही. तो एक हात गुणाजीचा होता. साठीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगायचा.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीत आम्ही त्याच्यावर शूट करत होतो. आपांना पाणी उघाडीतून आत घुसताना हवं होतं.

“गुणाजीदादा, एकदाच.”

“भरतीला फळी उचलत नाय, बाय.”

“शेतं मोकळी आहेत. भात कापून झालं. दहा मिनिटांत काय बिघडणार आहे?”

“बिघडाचं काय नाय. पन उचलत नाय.”

आपांनी हात जोडले. पायात चार हजारांचे बूट, ते घोट्यापर्यंत चिखलात. गुणाजीने बांधाच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं, थुंकला, आणि फळी उचलली. पाणी फुसफुसत आत आलं. शेताकडून कोणीतरी हसत काही ओरडलं, पण आमचं लक्ष पाण्यावर होतं. आमचा कॅमेरामन आदेश खूश, आपा खूश. दहा मिनिटांनी फळी खाली टाकून गुणाजीने तिच्यावर हात ठेवला आणि तो हात कपाळाला लावला.

“ह्ये गावात दाखवू नका,” तो म्हणाला.

“तुमच्या गावात कोण बघतंय दादा आमच्या फिल्म,” आपा हसत म्हणाल्या.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अवसेला उधाणात बांधाला खांड पडली. खांड म्हणजे भगदाड. ती पडली अगदी उघाडीला लागून. आदेश आणि मी त्या दिवशी तिथेच होतो. भर दुपारी अख्खं गाव बांधावर. बायका डोक्यावरून दगडमाती आणतायत, पोरं झाडांच्या फांद्या ओढतायत. दिनानाथ नावाचा पस्तिशीचा माणूस कमरेला दोरी बांधून खांडीत उतरला. दोरी वरून त्याचा धाकटा भाऊ मोरू धरून होता. दिनानाथने तीन पोती नीट बसवली. चौथं घ्यायला त्याने हात वर केला आणि बांधाची कड, खोलीएवढा मातीचा कडा, त्याच्या अंगावर आला. दोरी मोरूच्या तळहातांची सालं काढत सरसर गेली आणि तुटली. त्याची बायको सरू पाण्यात उडी घ्यायला धावली, तिला चार बायकांनी खाली पाडून तिच्या अंगावर बसून धरलं. प्रेत तिसऱ्या दिवशी तिवरांच्या मुळांत अडकलेलं सापडलं. खेकड्यांनी तोंड ठेवलं नव्हतं. सरूवहिनीने नवरा ओळखला तो कमरेच्या करगोट्यावरून.

खांड का पडली, हे गाव पुढचे कित्येक महिने एकमेकांना विचारत राहिलं. कोणी म्हणालं खाडीतून जाणाऱ्या बार्जच्या लाटांनी, कोणी म्हणालं खेकड्यांच्या बिळांनी, कोणी म्हणालं कुणीतरी केलं. शेवटचं उत्तर माणसाला नेहमीच जास्त पटतं.

आमची फिल्म आता खांडीची झाली होती. रोह्याच्या वरच्या खोलीत मी ती कापायला बसले. खांडीचं आणि दिनानाथच्या मरणाचं सगळं होतं, पण त्याच्या आधी काहीतरी हवं होतं, छातीत धस्स करणारं. जानेवारीचा तो शॉट होता, पाणी आत घुसण्याचा. पण त्यात उजवीकडे कापलेल्या भाताची धसकटं दिसत होती, पेंढ्याची एक उडवी, आणि उडवीवर पाठमोरा कोणी माणूस पेंढे रचत होता. ऑगस्टमध्ये धसकटं कुठून येणार? मी फ्रेम उजवीकडून कापली. ऊन होतं ते मारून ढगाळ केलं. पाणी शिरतानाचे पहिले काही सेकंदच घेतले, मूळ आवाज ऐकलाही नाही. तो बंद करून खाली पाण्याची घुमारेदार गाज घातली. अर्ध्या तासाचं काम. आपांनी बघितलं आणि काही न बोलता माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला त्या हाताचा केवढा अभिमान वाटला, काय सांगू.

पुढच्या मार्चमध्ये मुंबईहून एका महोत्सवाचे दोन पाहुणे आले. त्यांना फिल्म गावकऱ्यांसोबत बसून बघायची होती. गुणाजीने गावात दाखवू नका म्हटलेलं आपांच्या लक्षात राहिलं नव्हतं. माझ्या होतं. मी म्हटलं, कोणाला काय कळतंय.

शहरातल्या माणसाला पाणी म्हणजे पाणी. खारवेळ्यातल्या माणसाला चित्रातल्या तिवरांची मुळं बुडलेली आहेत का उघडी, एवढं पुरतं. हे मला कळायला हवं होतं. मी पेणची आहे, पुण्याची नाही.

रविवारी दुपारी तीन वाजता शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना ताडपत्र्या लावून फिल्म सुरू झाली. दोनशे माणूस बसलेलं. पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर, आपा त्यांच्या शेजारी, मी लॅपटॉपपाशी. पडद्यावर गुणाजीने फळी उचलली. पाणी आत घुसलं. आणि लगेच पुढच्या क्षणाला खांड.

“थांबव,” मागून मोरूचा आवाज आला. मी थांबवलं.

“भरती हाय ती,” मोरू म्हणाला. “मुळं बुडलीत बघा. भरती हाय आनि गुणा फळी उचलतोय.”

सगळ्यांनी वळून गुणाजीकडे बघितलं. तो भिंतीला टेकून बसला होता, त्याची मुलगी प्रतिक्षा शेजारी. तो घाईने उठला.

“अरे, ते तवाचं नाय! जानेवारीतलं हाय. बायनं उचलाया लावली. बाय, सांगा की यांना.”

आता सगळे आपांकडे बघत होते. आपांनी पाहुण्यांकडे बघितलं. त्यांच्यासमोर काय म्हणायचं होतं त्यांना? की माझ्या माहितीपटात माहिती खोटी आहे? तीन, फार तर चार सेकंद गेले असतील. आयुष्यभर कोणाच्या बापाला न भ्यालेली बाई चार सेकंद घाबरली. आणि मग त्या जे बोलल्या ते न बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आधी सगळे खाली बसा. नाहीतर मी पोलिसांना बोलावते.”

मी? मी लॅपटॉपमागे बसले होते. ‘फ्रेम मी कापली’ एवढे तीन शब्द होते. ते मला सुचले नाहीत असं नाही.

पहिली खुर्ची मोरूनेच घातली, गुणाजीच्या डोक्यात. तो पडला तसे त्याच्यावर लाथा पडू लागल्या. मी बायकांना लाथा घालताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ताडपत्री टेकवलेला बांबू सरूवहिनीने उपसला, खिडकीतून ऊन आत पडलं, आणि त्या उन्हात ती त्याच्या बरगड्यांवर बांबू हाणत होती, मोठमोठ्याने रडत, प्रत्येक फटक्याला नवऱ्याचं नाव घेत. प्रतिक्षा मधे पडली तर दोघींनी तिला केसांना धरून मागे खेचलं. पाहुणे केव्हाच गाडीत जाऊन बसले होते.

मग कोणीतरी ओरडलं, “ज्या हातानं उचलली तो हात ठेवू नका!”

गुणाजीला पायाला धरून बांधापर्यंत नेलं. शाळेच्या पायऱ्या, मग रस्ता, मग बांधाची चढण. त्याचं डोकं प्रत्येक पायरीवर आपटत होतं. उघाडीशी दोघांनी त्याला पालथा पाडून त्याचा उजवा हात उंबऱ्याच्या दगडावर धरला. मोरूने आणि आणखी एकाने फळी वर उचलली. ओलं सागवान, सवय नसलेल्या एकट्याला पेलत नाही.

“मी लावली उचलायला! मी!” आपा आता ओरडत होत्या. धावताना घसरल्या, चिखलात पालथ्या पडल्या, उठून पुन्हा ओरडल्या. “मोरू! ऐक! ते जानेवारीतलं आहे! मी लावली!”

“आता बरी बोलली,” गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. “वाचवाया बघते त्याला.”

फळी पडली. गुणाजी असा किंचाळला की तिवरांतले बगळे उठले. मोरूने आणि त्या दुसऱ्याने फळी पुन्हा उचलली आणि पुन्हा टाकली. दुसऱ्या वेळी गुणाजी ओरडला नाही.

पेणच्या दवाखान्यात त्याचा हात मनगटापासून काढावा लागला. तीन बरगड्या मोडल्या होत्या, एक डोळा आठ दिवस उघडला नाही. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा त्याने सांगितलं, फळी निसटली. आपांनी कपाळाला हात लावला. त्यांनी आपला जबाब दिला, खरं खरं सगळं लिहून दिलं, पण ज्याचा हात गेला तोच फळी निसटली म्हणतो म्हटल्यावर पोलिसांना तरी काय पडलं होतं?

“असं का सांगितलंत दादा?” आपांनी विचारलं.

“मराचं तर त्याच गावात हाय ना मला.”

आपा डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेल्या. गुणाजीने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं.

“पोरी, त्या दिवशी त्या चित्रात शेत होतं. तुझ्या यंत्रात मी सोता बघितलं. ते कुठं गेलं गो?”

“माहीत नाही, काका,” मी म्हटलं.

बारा दिवस गेले. आपांचे वकिलांना फोन, महोत्सवाला फोन. गावात माणसं पाठवली, निरोप पाठवले. गावाने ठरवून टाकलं होतं की पैसेवाली बाई आपल्या माणसाला सोडवते आहे. गुणाजी घरी आला, पण त्याच्या दारात कोणी उभं राहीना. तेराव्या दिवशी सकाळी रोह्याच्या घराची बेल वाजली. प्रतिक्षा होती. खांद्याला कापडी पिशवी. ती सरळ जिना चढून वरच्या खोलीत आली. मग पिशवीतून तिने कोयता काढला.

कोयत्याच्या पाठीने तिने आधी माझा मॉनिटर फोडला, मग दुसरा. भिंतीवर परदेशात मिळालेल्या बक्षिसांच्या फ्रेमा होत्या, त्या एकेक करून फोडल्या. मी कोपऱ्यात गेले. आपा पुढे झाल्या, “बेटा,” म्हणाल्या, आणि त्या शब्दासरशी प्रतिक्षाने कोयता सरळ केला आणि फिरवला. आपांनी हात वर केला म्हणून तो मानेवर बसायचा तो दंडावर बसला. रक्त भिंतीवर उडालं.

“बेटा म्हनायचं नाय!” प्रतिक्षा ओरडली. “दादा म्हनलात तर माझ्या बापाचा हात गेला. त्याला गावात कोनी पानी देत नाय. दुकानदार मीठ देत नाय. तुम्ही कागद लिवून दिलात, कोन वाचतंय? चित्रानं खड्ड्यात घातला त्याला. चित्रानंच काढा.”

आपांनी ओढणी दंडावर गुंडाळली, दातांनी गाठ मारली. चेहरा पांढरा पडला होता. पण त्यांची मान हलली, एखाद्या अवघड गणिताचं उत्तर कोणी दुसऱ्याने सांगावं तशी.

“प्रणिता, त्या दिवसाचं मूळ फुटेज कुठे आहे?”

ते होतं. त्या एका थपडेपासून मी काहीच पुसत नव्हते. कपाटातून डिस्क काढली आणि लॅपटॉपला लावायला गेले तर आपांनी ती माझ्या हातातून हिसकावली.

“आपण आधी बघायचं नाही. आधी बघितलं की हात शिवशिवतात. आहे तसं सगळ्यांसमोर लावायचं.”

मग त्यांनी खाली ओरडून प्रतिक्षासाठी पाणी मागवलं आणि त्यानंतर कुठे दवाखान्यात जायला गाडीत बसल्या. अकरा टाके पडले. महोत्सवातून फिल्म काढून घेतल्याचा मेल त्यांनी तिथल्याच बाकावर बसून डाव्या हाताने लिहिला.

गाव जमायला तयार नव्हतं. सरपंचाने दोन दिवस घरोघर फिरून जमवलं. तोच हॉल, त्याच ताडपत्र्या. या वेळी खुर्च्या नव्हत्या. गुणाजी दाराशी बसला होता, बांधलेला हात मांडीवर. त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी. सरूवहिनी पुढे. ताडपत्रीला टेकू म्हणून तोच बांबू पुन्हा लावलेला होता, आणि ती त्याच्या हाताच्या अंतरावर बसली होती. मोरू मागच्या भिंतीशी उभा. आपा उठून म्हणाल्या, “यात आम्ही काही केलेलं नाही. जसं त्या दिवशी झालं तसं आहे,” आणि खाली बसल्या.

मी लावलं.

पडद्यावर लख्ख ऊन होतं. आपांचा आवाज आला, लाडीगोडी लावणारा, “गुणाजीदादा, एकदाच.” मग गुणाजी, “भरतीला फळी उचलत नाय, बाय.” हॉलमध्ये चुळबुळ झाली. पुन्हा आपा, पुन्हा गुणाजी. त्याचं नाही म्हणणं सगळ्यांनी ऐकलं, दोनदा. मग त्याने फळी उचलली. आणि उजवीकडे, मी कापून टाकलेल्या जागी, धसकटांचं शेत होतं, पेंढ्याची उडवी होती, तिच्यावर पाठमोरा माणूस होता.

पाण्याचा आवाज ऐकून तो माणूस वळला.

“काय रं गुणा!” तो उडवीवरून ओरडला. “भरतीला उचलतोस? म्हातारपनी येड लागलं काय रं?” आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटला. हसता हसता त्याने एक पेंढा उचलून कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावला.

दिनानाथ होता.

हॉलमध्ये एका बाईने किंकाळी फोडली. मागे मोरू भिंतीवरून घसरत खाली बसला. सरूवहिनी उठून चालत पडद्यापाशी गेली. पडदा म्हणजे एक पांढरी चादरच होती, तिच्यावर तिने तळहात ठेवला. दिनानाथ तिच्या पाठीवर, तिच्या केसांवर हसत होता. मग फळी पडली, गुणाजीने हात कपाळाला लावला आणि चित्र संपलं.

तिने बांबू उपसला. पुन्हा तसंच ऊन आत पडलं.

“ह्याला कोनी कापला?” ती म्हणाली.

“मी,” आपा म्हणाल्या.

पहिला फटका त्यांच्या टाके घातलेल्या दंडावर बसला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याने चष्मा फुटला आणि भुवईपासून रक्ताची धार लागली. आपांनी हात वर केला नाही. प्रतिक्षाच्या कोयत्याला केला होता, इथे केला नाही. कोणी मधे पडलं नाही. आणि मी लॅपटॉपमागे बसले होते. खोटं कशाला बोलू, मला त्या मार खाताना बरं वाटत होतं. पुण्याची फी, डोक्यावरचा हात, कानाखालची, सगळ्याची भरपाई होत होती. चौथा फटका. त्या खाली पडल्या.

तेव्हा माझं लक्ष दाराकडे गेलं. गुणाजी आपांकडे बघत नव्हता, सरूवहिनीकडेही नाही. दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता.

मी उठले.

“वहिनी, मी कापला. आपांनी नाही. मी. दिनानाथभाऊ आहेत हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. कोण आहे ते मी बघितलंच नाही. शेत नको होतं, म्हणून कापला.”

ती माझ्यापर्यंत आली. बांबू कानावर बसला, बरोबर आपांची थप्पड बसली होती त्याच बाजूला, आणि उजव्या कानाने मला आजही नीट ऐकू येत नाही. मी टेबल धरून उभी राहिले. दुसऱ्या फटक्यासाठी डोळे मिटले. बांबू जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

“परत लाव,” ती म्हणाली.

मला कळलं नाही.

“तो वळतो तितनं. लाव.”

मी ती जागा शोधत चित्र मागेपुढे करू लागले. आपा जमिनीवरूनच म्हणाल्या, “सहा मिनिटं बावीस सेकंद, बेटा.” मी लावलं. दिनानाथ वळला, ओरडला, हसला, पेंढा भिरकावला.

मागे मोरू गुडघ्यांवर रांगत गुणाजीपर्यंत गेला आणि त्याने कपाळ त्याच्या पायांशी फरशीवर टेकवलं. गुणाजीने पाय बाजूला घेतले. उजव्या हाताने जमिनीला रेटा द्यायला गेला, हात नाही हे आठवलं, आणि डावा टेकवून उठला. ओहोटी लागली होती. तो बांधाच्या दिशेने चालू लागला, प्रतिक्षा त्याच्या मागे. फळीला दोन हात लागतात. तिचे दोन होते.

“परत,” सरूवहिनी म्हणाली.

मी परत लावलं.